ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं म्हणून गाडी जोरात सुटत नाही

रील्सवर आणि गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "भाऊ, ट्रॅक्शन बंद कर, मग बघ गाडी कशी सुटती." ट्रॅक्शन म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, चाकं जागेवर फिरायला लागली की त्यांचा जोर आपोआप उतरवणारी यंत्रणा. सोबत कारणंही असतात. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद खातं. रेसवाले ते वापरत नाहीत. लाँच कंट्रोलसाठी (थांबलेली गाडी जोरात सोडायची कंपनीचीच सोय) तर कंपनीच ते बंद करायला सांगते. चाकं जागेवर फिरवली की टायर तापून पकड वाढते. आणि एबीएस चालूच असतं, मग भीती कसली? यातलं एक कारण अर्धं खरं आहे. बाकीची टिकत नाहीत, आणि आपल्या मराठवाड्यातल्या रस्त्यांवर तर मुळीच नाहीत.

"इंजिनची ताकद खातं." खातं, पण कोणती ताकद ते बघा. पुढची चाकं ओढणारी, ३७० न्यूटन-मीटर टॉर्कची (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) टर्बो पेट्रोल गाडी घ्या. चालकासह वजन १,५०० किलो, पहिल्या गिअरचं फायनल ड्राइव्हसकट गुणोत्तर १३, टायरची त्रिज्या ३२ सेंटिमीटर, मधल्या यंत्रणेतली घट १० टक्के. चाकापाशी रेटा येतो सुमारे १३,५०० न्यूटन. आता टायर किती पेलतो? उभ्या गाडीचं ६० टक्के वजन पुढे असतं, पण गाडी सुटताच भार मागे सरकतो आणि ओढणारी चाकंच हलकी होतात. हे धरून, स्वच्छ कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक (टायर-रस्त्याच्या पकडीचं माप) ०.९ मानला तर दोन्ही पुढची चाकं मिळून जेमतेम ६,७०० न्यूटन रस्त्याला देऊ शकतात. धुळीमुळे गुणांक ०.५ वर आला की उरतात ४,०००. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनची निम्मी ताकद तशीही रस्त्यापर्यंत पोचणार नाही. बटण दाबल्यानं टायर मोठा होत नाही. मागची चाकं ढकलणाऱ्या गाडीत सरकलेला भार उपयोगी पडतो, मर्यादा वाढते, पण संपत नाही.

ही जादाची ताकद चाकाला दिली तर काय होतं, इथे खरी गोम आहे. टायर थोडासा घसरत असतानाच सर्वांत जास्त ओढतो. कोरड्या डांबरावर ही घसरण साधारण १० ते २० टक्के असते. गाडी ताशी २० किलोमीटरवर असेल तर चाकाचा वेग २३-२४ च्या आसपास हवा. चाक ६० च्या वेगानं फिरतंय आणि गाडी २० वर आहे, तर ६० पैकी ४० वाया, म्हणजे घसरण ६७ टक्के झाली. तिथे पकड कमाल बिंदूवरून बरीच खाली आलेली असते. धूर मस्त निघतो, टॅकोमीटरचा (इंजिनचे फेरे दाखवणारा) काटा उडतो, रीलला लाइक मिळतात आणि शेजारची गाडी पुढे निघून जाते.

ट्रॅक्शन कंट्रोल याच घसरणीवर डोळा ठेवतं. एबीएसचेच सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. ओढणारी चाकं बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली की आधी इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेऊन टॉर्क उतरवला जातो, मग थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटतो, आणि एकच चाक सुटलं असेल तर त्या एकट्याचा ब्रेक लागतो. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणारा गिअरसंच म्हणजे डिफरन्शियल. बहुतेक गाड्यांत तो साधा, म्हणजे ओपन असतो. एक चाक घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा टॉर्क मिळतो. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की दुसऱ्या चाकाकडे जोर जातो. ट्रॅक्शन बंद करणारा माणूस काही गाड्यांत ही मदतही घालवून बसतो.

आपल्याकडे याची गरज जास्त का, ते रस्त्याकडे बघून कळतं. उजवं चाक डांबरावर आणि डावं कडेच्या मुरमाच्या धुळीत, हे तर नेहमीचंच. गळीत हंगामात लातूर-धाराशिव-परभणीकडे उसाच्या ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट रस्त्यावर चेपून बसलेलं असतं. सुगीत कुठे रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं. ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती पहिल्या पावसात साबणासारखी होते. गाडीच्या एका लांबीत पकड दोनदा बदलते. पाय कितीही सरावलेला असला तरी तो दोन्ही चाकांना एकच हुकूम देतो. डाव्या चाकाला वेगळा न् उजव्याला वेगळा, हे पायाला जमणारच नाही.

"रेसवाले वापरत नाहीत." फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, हे बरोबर. पण बंदी फायद्याच्या गोष्टीवर घालतात. ते गाडी मंद करत असतं तर नियम करायची गरजच नव्हती, संघांनीच काढून टाकलं असतं. जीटी३ या शर्यतीच्या गाड्यांत ते चालतं, चालक स्टिअरिंगवरच्या बटणानं त्याची पातळी कमी-जास्त करतो. मोटोजीपीच्या मोटरसायकलींवरही ते आहे.

आता अर्धं खरं कारण. "लाँच कंट्रोलसाठी कंपनीच बंद करायला सांगते." स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडीच्या अनेक डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्यांत पद्धत अशी आहे: गाडी पूर्ण थांबलेली, इंजिन तापलेलं, चाकं सरळ. ट्रॅक्शन कंट्रोल बंद किंवा ईएससी (घसरून गाडी फिरू न देणारी यंत्रणा) स्पोर्टवर, कोणतं ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. गिअरचा लिव्हर 'एस' म्हणजे स्पोर्टमध्ये. डाव्या पायानं ब्रेक घट्ट, उजव्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण. आरपीएम तीन हजारांच्या पुढेमागे थांबतं, आणि दोन-तीन सेकंदांत ब्रेक सोडायचा. आता हे बंद कशासाठी? रोजचं ट्रॅक्शन कंट्रोल पाऊस आणि नवखा चालक डोळ्यापुढे ठेवून कडक लावलेलं असतं, थोडी घसरण दिसली की टॉर्क कापतं. लाँच कंट्रोल त्या जागी दुसरा पहारेकरी बसवतं: आरपीएम आणि क्लचची पकड तेच सांभाळतं. ईएससी स्पोर्टमध्ये घसरणीची सूट वाढते, देखरेख जात नाही. ज्या गाडीत लाँच कंट्रोलच नाही तिथे नुसतं बटण दाबलं तर जुना पहारेकरी गेला आणि नवा आलाच नाही.

टायर तापवण्याचा मुद्दा ड्रॅग रेसच्या टायरचा आहे. ते मऊ रबराचे असतात, तापल्यावर चिकटतात, आणि त्यांची पट्टीही चिकट द्रव्य मारून तयार केलेली असते. रस्त्यावरचा टायर जागेवर फिरवला की वरचा थर जास्त तापून वंगणासारखा घसरतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना डांबर आधीच मऊ पडलेलं असतं, आणखी तापवायची हौस कशाला?

एबीएस ब्रेक मारल्यावर चाक अडकू देत नाही, एवढंच त्याचं काम. जास्त ॲक्सिलरेटरमुळे मागचा भाग सुटला तर सांभाळतं ते ईएससी. बऱ्याच गाड्यांत बटण थोडं दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं आणि काही सेकंद दाबून धरलं की ईएससीही बंद होतं किंवा ढिलं पडतं. जागेवर फिरणाऱ्या टायरमध्ये आडवी पकड उरत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी स्टिअरिंग ऐकत नाही, मागची ढकलणारी शेपूट फिरवते.

मोडतोड वेगळीच. चाक धुळीतून एकदम स्वच्छ डांबरावर आलं की फिरतं चाक झटक्यात पकडतं. तो धक्का ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला जोर नेणारा दांडा), सीव्ही जॉइंट (त्याचा वळणारा सांधा) आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर येतो. चाक थडथड उड्या मारायला लागलं तर पाय लगेच काढा. एकच चाक बराच वेळ फिरत राहिलं तर डिफरन्शियलमधली छोटी पिनियन घासते. शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटून आत धूळ गेली की वळताना टकटक सुरू होते, बिल लावायला गॅरेजवाला बसलेलाच आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर बटणाला हातच लावू नये: मोटरचा टॉर्क मिलिसेकंदांत कमी-जास्त होतो, त्यामुळे तिथलं ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनच्या गाडीपेक्षा कितीतरी बारीक काम करतं.

बंद करायचे प्रसंग आहेत, ते शेतरस्त्यावरचे. काळ्या मातीच्या चिखलात गाडी रुतली आणि ट्रॅक्शन कंट्रोल सारखं इंजिन दाबतंय, हलूच देत नाही, तेव्हा बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायानं पुढे-मागे झुलवत बाहेर काढा आणि पक्क्या रस्त्यावर येताच बटण पुन्हा दाबा. काही जुन्या गाड्यांत यंत्रणा एकदा टॉर्क कापला की तो परत द्यायला वेळ लावते आणि गाडी दबते, तिथे बंद मैदानावर सरावलेला चालक बटणाविना जास्त चांगली सुटवू शकतो. हा अपवाद झाला.

ट्रॅक्शन चालू ठेवून नीट सुटायचं तर आधी टायर. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवरचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, पाच-सहा वर्षांवरचं रबर कडक झालेलं असतं. मॅन्युअल गाडीत २,०००-२,५०० आरपीएम धरून क्लच सेकंदभरात सोडा, तोवर ॲक्सिलरेटर अर्ध्यावर, क्लच पूर्ण बसल्यावरच खाली. डॅशबोर्डवरचा ट्रॅक्शनचा दिवा एक-दोनदा लुकलुकला तर पाय बरोबर जागी आहे. सतत लुकलुकत राहिला तर पाय जड पडतोय, थोडा उचला. दिवा स्थिर पेटला असेल तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

फरक मोजायचा तर स्पीडोमीटर सोडा. बऱ्याच गाड्यांत तो ओढणाऱ्या चाकांचा वेग दाखवतो, गाडीचा नाही. सेकंदाला दहा वेळा मोजणारा जीपीएस मीटर लावा, एकाच पट्टीवर दोन्ही दिशांनी, चालू आणि बंद असे तीन-तीन वेळा ० ते ३० आणि ० ते १०० मोजा. पट्टी बंद आवाराची हवी. समृद्धी महामार्ग मोकळा दिसला तरी तो सार्वजनिक रस्ता आहे, कारला मर्यादा १२० ची आहे, आणि रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.