टीव्हीचा आवाज वाढवून काही होत नाही हो

संध्याकाळी सात ते दहा आमच्या मजल्यावरून नुसतं चालत गेलात तरी तीन मालिका आणि एक बातम्यांचं चॅनल ऐकून होतं, कारण प्रत्येक घरात एक तरी कमी ऐकू येणारं माणूस आहे आणि उपाय एकच, रिमोटचं प्लसचं बटण. त्यापेक्षा टीव्हीसाठी हेडफोन बरा, पण तो नीट बघून घ्यायचा.

वयाने ऐकू कमी येतं ते सगळं सारखं कमी होत नाही, आधी वरच्या पट्टीतलं जातं. स, फ, थ, क, ट ही अक्षरं मुळात हलकी, ती गेली की ताप, काप, थाप सगळं एकच. म्हणून सासरे म्हणतात, "आवाज येतोय गं, बोलतायत काय ते कळत नाही," आणि ते अगदी खरं असतं. व्हॉल्यूम वाढवला की शब्दांबरोबर मागचं म्युझिकही वाढतं (आपल्याकडे साधी कपबशी ठेवली तरी ढॅण ढॅण ढॅण!). त्यात कानाच्या आतल्या पेशी गेल्या की हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण जरा मोठं झालं की एकदम टोचतं. "मोठ्याने बोल" आणि लगेच "ओरडतेस कशाला", हे विक्षिप्तपणाने नाही होत, कानामुळे होतं.

हेडफोनने फरक पडतो कारण पंखा, कुकर, खालचे हॉर्न मधे न येता आवाज थेट कानाशी येतो. पण दुकानदार ब्लूटूथ गळ्यात मारतात, त्याला माझा विरोध आहे. साध्या ब्लूटूथमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, आणि ज्याला निम्मं ओठांवरून कळतं त्याच्यासाठी तर ते बेकारच. शिवाय बऱ्याच टीव्हींमध्ये ब्लूटूथ जोडला की स्पीकर बंद, म्हणजे आता बाकीचे घरचे बहिरे.

घ्यायचाच तर रेडिओ लहरींवर चालणारा, म्हणजे आवाज पाठवणारा बेस (छोटा स्टँड) टीव्हीजवळ ठेवायचा तो. बेस ऑप्टिकल केबलने (प्रकाशातून आवाज नेणारी वायर) टीव्हीला जोडला की साधारणपणे स्पीकरही चालू राहतो, हेडफोनचा व्हॉल्यूम वेगळा. केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. आवाजच आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ पीसीएमवर (PCM, म्हणजे साधा डिजिटल आवाज) करा, बहुतेक वेळा तिथेच अडतं. आणि बेसवर ठेवलं की चार्ज होणारा बघा, म्हाताऱ्या माणसाला रोज पेअरिंग (हेडफोन पुन्हा जोडून घेणं) करायला लावू नका. कानामागचं मशीन असेल तर मोठे, पूर्ण कान झाकणारे कप घ्या, नाहीतर सीटी वाजते.

फुल व्हॉल्यूमवर मात्र नको, डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आणि हेडफोन म्हणजे कानाचं मशीन नव्हे, टीव्ही बंद झाला की जेवताना काय? आधी कान तपासा, कधी कधी नुसता मळ असतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, ऐकण्याची तपासणी तिथे होते. एका कानाचं अचानक गेलं तर मात्र उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टर.

एक सांगते, हेडफोन दिला म्हणून माणसाला कोपऱ्यात बसवू नका. आमच्याकडे स्पीकर हळू चालू असतो, सगळे एकच बघतो, आणि व्हिलन आली की शिव्या एकत्र देतो.

राहता राहिले चॅनलवाले. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी टीव्ही कार्यक्रमांची मानकं माहिती-प्रसारण मंत्रालयाने २०१९ मध्येच काढली, त्यात कॅप्शन, म्हणजे पडद्यावर लिहून येणारे संवाद, आहेत. आमच्या घरी लागणाऱ्या एकाही मराठी मालिकेखाली अजून मराठीत एक ओळ दिसलेली नाही. जाहिरातीत दहा वेळा नंबर झळकवता येतो, मग संवाद का नाही?