चढवलेले दोन मजले आम्हीच का पाडले: एका अभिप्रायाला जाहीर उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला. एक स्टार देऊन तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. ताबा अकरा महिने उशिरा मिळाला. मध्ये सहावा स्लॅब ओतून झालेली इमारत पुन्हा चौथ्या मजल्यावर आली, म्हणजे वरचे मजले बेकायदा होते आणि पाडायला लावले. ताबा मिळून दोन महिने होत नाहीत तोच हॉलच्या भिंतीला भेग गेली. आणि खोल्या सॅम्पल फ्लॅटपेक्षा लहान वाटतात. त्या अकरा महिन्यांत भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावं लागलं, सासऱ्यांना गुडघे दुखत असताना लिफ्ट नसलेल्या घरात तीन जिने चढावे लागले, हेही तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल आधी माफी मागतो. करारातलं विलंबाचं व्याज तुमच्या खात्यात जमा झालंय, पण रोज जिने चढण्याची भरपाई त्यातून होत नाही.

मजले पाडण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. ते तेव्हाच लिहायला हवं होतं.

मजले बेकायदा नव्हते आणि कुणी पाडायलाही लावले नव्हते. आम्ही स्वतः पाडले. चौथ्या मजल्यावरचे सहा कॉलम, म्हणजे काँक्रीटचे खांब, ताकदीत कमी भरले होते.

ज्यांचा बांधकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काँक्रीट ओतताना त्याच मालातून १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. साइटवर त्यांना क्यूब म्हणतात. ते पाण्यात ठेवून काही सात दिवसांनी आणि काही अठ्ठावीस दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडतात. आमचे कॉलम एम-४० ग्रेडचे, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसायला हवा. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, म्हणजे २६च्या आसपास आकडा अपेक्षित होता. या सहा कॉलमच्या क्यूबचा सरासरी आकडा आला १९.

इथे आमची पहिली चूक झाली. १९ आकडा पाहून काम तिथेच थांबवायचं, हा नियम आमच्या साइटवर कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता. ‘अठ्ठावीस दिवसांनी भरून येईल’ असं म्हणून शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, वरच्या मजल्यावर सरकलं. अठ्ठावीस दिवसांचा आकडा २९ आला तेव्हा पाचवा आणि सहावा स्लॅब ओतून झाला होता आणि सहाव्या मजल्याच्या कॉलमच्या सळया उभ्या राहिल्या होत्या.

मग सहाही कॉलममधून कोअर काढले. मशीनने कॉलममधून गोल दांड्यासारखा तुकडा कापून काढतात आणि तो तपासतात, कारण क्यूब वेगळा भरलेला असतो, तुकडा मात्र खुद्द कॉलमचा असतो. एक तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. चांगल्या काँक्रीटचा कोअर कापल्यावर गुळगुळीत दिसतो, खडी आणि सिमेंट एकजीव असतात. यात मसुराएवढी भोकं आहेत, आणि कडेला किल्ली घासली तर वाळू सुटते. मी ती घासून बघितली आणि निर्णय तिथेच झाला. आकडे आल्यावर त्यावर शिक्कामोर्तब झालं. कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्क्यांहून कमी नको आणि एकही तुकडा ७५ टक्क्यांखाली नको, असं भारतीय मानकही सांगतं आणि अमेरिकनही. आमच्यासाठी त्याचा अर्थ ३४ आणि ३०. आमची सरासरी ३१ आली आणि सर्वांत कमी तुकडा २७. दोन्हीकडे नापास.

असं कशामुळे झालं, तेही सांगतो. मोठ्या शहरांत अनेक ठिकाणी काँक्रीटच्या गाड्यांना दिवसा रस्त्यावर येऊ देत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे माल रात्री येतो. त्या रात्री वाटेत पुलाचं काम चालू होतं. गाडीच्या चलानावर प्लँटमध्ये माल भरल्याची वेळ ९.४० आहे आणि साइटवर खाली केल्याची १२.२५. पावणेतीन तासांत माल घट्ट होऊ लागतो, पाइपमधून सरकत नाही. अशी गाडी परत पाठवायची असते. आमच्या लोकांनी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडला. गाडीत सहा घनमीटर माल होता आणि सहा कॉलम त्याच एका गाडीतून भरले गेले.

पाणी वाढवलं की काँक्रीट मऊ होतं, ओतायला सोपं जातं, आणि कायमचं कमजोर होतं. सिमेंटला लागतं त्याहून जास्त असलेलं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी पोकळी राहते.  हे ज्ञान नवं नाही. डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणाचा हा नियम १९१८ सालीच मांडला होता. तरीही प्रत्येक साइटवर रात्री बारा वाजता कुणीतरी पाइप हातात घेतो, कारण गाडी परत पाठवली तर ओरडा खावा लागेल अशी त्याला भीती असते. ती भीती मालकाने घालवायची असते. मी घातली होती, घालवली नव्हती. त्या सुपरवायझरला मी कामावरून काढलं नाही. आज गाडी परत पाठवायचा अधिकार त्याच्याकडे आहे आणि त्यासाठी त्याने मला विचारायचं नाही, असं ठरलंय.

दुरुस्तीला दोन मार्ग होते. पहिला जॅकेटिंगचा: कॉलमभोवती नव्या सळया आणि नवं काँक्रीट घालून तो जाड करायचा. ही मान्य पद्धत आहे, जुन्या इमारतींत सर्रास करतात, आणि आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटने तीही सुचवली होती. दोन-अडीच महिन्यांत काम उरकलं असतं. पण चौथ्या मजल्यावरच्या घरांत चारही बाजूंनी चार-चार इंच कॉलम आत आले असते, आणि वर आणखी चौदा मजले उभे राहायचे होते. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही स्लॅब उतरवून ते कॉलम तोडायचे आणि पुन्हा भरायचे. आम्ही दुसरा घेतला. वस्तीच्या मध्ये स्फोटके तर सोडाच, मोठा ब्रेकरही दिवसभर चालवता येत नाही. हातातल्या ब्रेकरने, म्हणजे काँक्रीट फोडायच्या यंत्राने, तुकडे करायचे, सळया कापायच्या, खाली जाळ्या लावायच्या, राडारोडा रात्रीच्या गाडीने हलवायचा. यात सात महिने गेले.

१९९५ साली सोल शहरातलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळलं आणि ५०२ माणसं गेली. तिथे कॉलम आराखड्यापेक्षा बारीक केले होते आणि वर एक मजला जास्तीचा चढवला होता. ती इमारत काही वर्षं उभी होती, रोज गिऱ्हाइकांनी भरत होती. कॉलम कमजोर असला तरी इमारत त्याच दिवशी पडत नाही, म्हणून तर ‘चालून जाईल’ म्हणणं इतकं सोपं असतं. ज्या घरात तुमच्या घरची माणसं झोपणार आहेत, तिथे मला ते म्हणायचं नव्हतं.

उरलेले चार महिने मात्र कुठल्याही तत्त्वासाठी गेले नाहीत. लिफ्टची ऑर्डर आम्ही उशिरा दिली आणि त्यामुळे शेवटची परवानगीही लांबली. ही निव्वळ आमची ढिलाई. तिथे तुमचा प्रत्येक शब्द बरोबर आहे.

आणि खरा राग ज्याचा यायला हवा ते वेगळंच आहे. सात महिने आमच्या ऑफिसमधून तुम्हाला एकच मेसेज येत राहिला: ‘काही तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे.’ मजले खाली येताना तुम्ही रस्त्यावरून डोळ्यांनी पाहत होतात आणि आम्ही गोल गोल बोलत होतो. मग तुम्ही जो अर्थ लावलात तो लावणं साहजिकच होतं. खरं सांगितलं तर बुकिंग रद्द होतील, अशी आमच्या विक्री विभागाची भीती होती आणि मी तिला मान दिला. मजले पाडल्याचा मला आज पश्चात्ताप नाही, पण तो मेसेज पाठवल्याची लाज वाटते.

आता हॉलमधली भेग. तुम्ही टाकलेल्या फोटोत ती बीमच्या खालून आडवी, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली दिसते. आमचा इंजिनिअर येऊन बघून गेला, त्यात नखही जात नाही. ती बीमची भेग नाही. वर काँक्रीटचा बीम आणि खाली ब्लॉकची भिंत, दोघं उन्हापाण्यात सारखे हलत नाहीत, म्हणून सांधा उघडतो. भिंत बीमपर्यंत आल्यावर शेवटची फट काही दिवस तशीच ठेवून मग भरावी लागते, आणि प्लॅस्टरच्या आधी सांध्यावर जाळी मारावी लागते. तुमच्या मजल्यावर ही फट लगेच भरली गेली आणि जाळी काही ठिकाणी राहिली. उशीर भरून काढायच्या घाईत हे झालं. म्हणजे एका ठिकाणी आम्ही सात महिने थांबलो आणि दुसऱ्या ठिकाणी सात दिवस थांबलो नाही. सांधा खोलून, जाळी मारून, पुन्हा प्लॅस्टर करून पूर्ण भिंत रंगवून देऊ. नुसती पुट्टी भरून गेलेला माणूस तुम्ही दारातूनच परत पाठवा.

इतर घरमालकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात भेग खुणेच्या पुढे गेली, बीमवर तिरपी भेग दिसली, कॉलमवर सळईच्या रेषेत उभी दिसली किंवा तिच्यातून तांबूस डाग उतरू लागला, तर बिल्डरच्या माणसाच्या गोड बोलण्यावर विसंबू नका, स्वतःचा इंजिनिअर बोलवा. आमच्या इमारतीतही हाच नियम.

खोल्यांबद्दल: कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, करारात लिहिलं तेवढंच आहे, तुमच्या माणसाकडून मोजून घ्या, फरक निघाला तर पैसे परत देऊ. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या दारांना पल्ले नव्हते आणि पलंग नेहमीपेक्षा आखूड बनवून घेतले होते, हे खरं आहे. तसं करायला नको होतं. नव्या प्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बाजारात मिळणाऱ्या मापाचंच फर्निचर ठेवलंय.

तुमच्या अभिप्रायातलं एकच वाक्य मला पटलं नाही: ‘चांगला बिल्डर तोच, जो वेळेत ताबा देतो.’ घर घेताना तारीख जरूर विचारा, पण क्यूबचं रजिस्टरही मागा, आणि एखादा क्यूब नापास झाला तेव्हा काय केलं तेही विचारा. आमच्या इमारतीचं रजिस्टर, कोअरचा रिपोर्ट, त्या रात्रीचं चलान आणि पाडकामाचे फोटो एका फाइलमध्ये लावून साइट ऑफिसमध्ये ठेवले आहेत. इमारतीतल्या कुणीही यावं, इंजिनिअर सोबत आणावा, झेरॉक्स न्यावी.

भिंतीच्या कामाला गवंडी सोमवारपासून मोकळा आहे. धूळ होईल, हॉल तीन-चार दिवस वापरता येणार नाही. सासऱ्यांना त्रास होणार नाही असा आठवडा तुम्ही सांगा, त्याप्रमाणे माणसं पाठवतो. पहिल्या दिवशी मी स्वतः येईन, आणि येताना तो टेबलावरचा तुकडा घेऊन येईन.