इथेनॉलच्या हिशेबात पाणी कुठंय?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून सध्या जी भांडणं चालली आहेत, ती सगळी ॲव्हरेज आणि इंजिनाची. भांडा, गाडी तुमची आहे. मी लातूरकडचा, त्यामुळे मला दुसराच हिशेब छळतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. कार्बन किती वाचला हे मंत्री भाषणात सांगतात. पाण्याची पावती कुणाच्याच नावावर फाटत नाही.

उसाला वर्षभरात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाणी लागतं. मराठवाड्यात पाऊस पडतो सातशेच्या आसपास, तोही आता आठ दिवसांत कोसळतो आणि मग महिनाभर गायब. एका एकरावर दोन हजार मिलीमीटर म्हणजे जवळपास ८१ लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. तशा सोळा गाड्या आणल्या तर एक एकर ऊस निघेल! त्या उन्हाळ्यात शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आणि त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटलेली होती.

आता लगेच 'शेतकऱ्याला अक्कल नाही' असं कमेंटमध्ये लिहू नका. त्याचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का आहे. आमच्या चुलत्यांना मी एकदा म्हटलं, "काका, यंदा ऊस कमी करा." ते म्हणाले, "करतो की. सोयाबीन तू घेणार का हमीभावानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजारांवर गाडी अडलेली. खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचा, १२ टक्क्यांच्या वर काटा गेला की माल परत. पुढे सरकारनं १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली, तोवर गरजू माणसानं आडत्याला विकून टाकलं होतं. एकरी सात क्विंटल धरा, तीसेक हजार आले. त्यातून बियाणं, फवारणी, मळणी वजा. उसाला त्याच हंगामात क्विंटलला ३४० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा केंद्रानं ठरवलेला दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा करून, पैसे द्यायची चौदा दिवसांची मुदत कारखान्यानं पाळली नाही तरी, एकरी पस्तीस टन निघाला की लाखाच्या घरात जातो. तोड कारखाना करतो, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पंपाला साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ, म्हणजे बोअरमधला पुढचा लिटर फुकट. अशा बाजारात जो ऊस लावणार नाही तोच वेडा.

सगळं दुखणं इथं आहे. हवामान जितकं बेभरवशाचं होतंय, तितका शेतकरी खात्रीकडे पळणार. आणि मराठवाड्यात खात्री आपण नेमकी सगळ्यात तहानलेल्या पिकाला जोडून ठेवलीय. तूर, ज्वारी, सोयाबीन या कमी पाण्याच्या पिकांचा सगळा जुगार मात्र शेतकऱ्याच्या डोक्यावर. पीक विम्याचंच बघा. एक रुपयात विमा होता, त्यात घोटाळे झाले, हे मान्य. २०२५ च्या खरिपात तो बंद केला, आणि सोबत स्थानिक आपत्तीची, काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही काढून टाकली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे काही शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवरची भरपाई. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, सोयाबीन शेंगेसकट पाण्यात कुजलं, काही ठिकाणी माती वाहून गेली. सरकारनं पॅकेज दिलं. पण पॅकेज म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानीच्या भरवशावर कुणी पेरणी करत नाही.

आणखी एक गंमत. २०२३ ला पाऊस कमी झाला, तेव्हा साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरमध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाच लगाम घातला. हवामान सांभाळायला आणलेलं इंधन हवामान बिघडल्यावर सगळ्यात आधी अडलं. मग मक्याचं इथेनॉल वाढलं, तर २०२४ मध्ये कोंबडीखाद्यवाले महागाईनं ओरडायला लागले.

ऊसबंदी करा म्हणणाऱ्यांत मी नाही. २०१९ मध्ये इथल्या विभागीय आयुक्तालयानं तशी शिफारस केली होती, पुढे काही झालं नाही. होणारही नव्हतं, कारखान्यांचे चेअरमन कोण आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णयही २०१७ चा आहे. शिवारात फिरून पाटपाणी किती ते बघा.

माझी मागणी साधी आहे. डिस्टिलरी उभारायला २०१८ पासून केंद्र कर्जाच्या व्याजाचा वाटा उचलतंय. तेवढीच सोय तूर-सोयाबीनच्या गोदामाला, वाळवणी यंत्राला, तालुक्यातल्या डाळमिलला द्या. खरेदी केंद्र दसऱ्याच्या आधी उघडा, बारदाना आधी पोचवा. एवढं करून पाच वर्षं भाव टिकवून दाखवा, मग काकांना ऊस कमी करायला सांगायला मी स्वतः जातो.