सेनापतींच्या घरचं कार्य

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण तुमच्याआमच्यासारख्यांना घाबरवण्यासाठी आहे. पीएफ काढा, पाटल्या गहाण टाका, मेव्हण्यापुढे तोंड वेंगाडा. पण समजा, तुम्ही एखाद्या गरीब देशाचे सर्वेसर्वा आहात. फौज तुमची, तिजोरी तुमची, वर्तमानपत्रं तुमची, आणि मुलगी लग्नाची झाली आहे. मग भ्यायचं कशाला? ब्रह्मदेशाचे सीनियर जनरल थान श्वे यांनी ही दोन्ही कार्यं पाठोपाठ उरकली. २००५ च्या नोव्हेंबरात नव्या घरात, म्हणजे अख्ख्या नव्या राजधानीतच, बिऱ्हाड हलवलं आणि २००६ साली मुलीचे हात पिवळे केले. मेव्हण्याकडे जावं लागल्याचं कुठे ऐकिवात नाही. तेव्हा आपण त्यांचाच कित्ता गिरवू.

आधी मुहूर्त. आपल्याकडे गुरुजी सकाळचा मुहूर्त काढून देतात, मग हॉल रिकामा नाही म्हणून आपणच तो दुपारी बारा सदतीसवर आणून ठेवतो. तुम्ही असली तडजोड करू नका. थान श्वे यांच्या सरकारने यांगून सोडून नेपिडॉकडे पहिलं वऱ्हाड काढलं ते ६ नोव्हेंबरला, पहाटे ६ वाजून ३७ मिनिटांनी. ज्योतिषाने सांगितलेली वेळ, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पाच दिवसांनी, ११ तारखेला ११ वाजता, ११ पलटणी आणि ११ मंत्रालयं घेऊन ११०० ट्रक निघाले. मंत्रालयांतल्या कारकुनांना मोजके दिवस आधी कळवलं होतं. बायकापोरं मागे ठेवून, फायली मांडीवर घेऊन ते माळरानावर जाऊन पोचले. आपल्याकडे नुसती गडचिरोलीला बदली झाली तरी माणूस वशिला शोधायला लागतो. तिथे अख्खं शहर बदलीवर गेलं आणि कोणी चकार शब्द काढला नाही. वऱ्हाडी असे हवेत.

नेपिडॉ या नावाचा अर्थ राजांचं ठिकाण. तिथे तीन जुन्या राजांचे प्रचंड पुतळे आहेत आणि संसदेसमोरचा रस्ता वीस पदरी आहे. त्यावर गाड्या नाहीत ही गोष्ट वेगळी. पण आपण राजांच्या ठिकाणी राहतो असं एकदा पाटीवर लिहून टाकलं की मुलगी आपोआप राजकन्या होते, आणि राजकन्येचं लग्न रजिस्टर पद्धतीने केलं तर प्रजा नाव ठेवते.

आता आहेर. इथे जरा बसून बोलू, कारण खरं कार्य हेच आहे, बाकी सगळी सजावट.

आपल्या लग्नात दाराशी एक मामा वही घेऊन बसलेला असतो. पाकीट फोडायचं, नोट उजेडात धरायची, ‘चि. सौ. कां.’च्या खाली नाव लिहायचं आणि पुढे आकडा: १०१, २५१, ५०१. ती वही वीस वर्षं कपाटात राहते. त्यांच्याकडे कार्य निघालं की बाहेर येते, आणि ‘त्यांनी आपल्याला दोनशे एक्कावन्नच घातले होते’ असं म्हणत तेवढेच परत जातात. चोख व्यवहार. थान श्वे यांच्या कन्येच्या लग्नातल्या वहीची बेरीज, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे, सुमारे ५ कोटी डॉलर भरली. तेव्हाच्या भावाने सव्वादोनशे कोटी रुपये. त्यात मोटारी होत्या, घरं होती. देशाच्या वर्षभराच्या आरोग्य खर्चाच्या तिप्पट, असाही हिशेब काहींनी मांडला. आता हे लोक उगाच खोचकपणा करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली जगातल्या १९१ देशांची आरोग्यव्यवस्था तपासली, त्यात ब्रह्मदेश १९० वा आला होता. जिथे आरोग्याचा खर्चच एवढासा, तिथे कोणाच्याही घरचा आहेर त्याच्या तिप्पट भरणार. दोष आहेराचा कसा?

तुम्ही फक्त पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापू नका. आपल्याकडे ते छापतात आणि तरी लोक पाकीट आणतात, तो सभ्यपणाचा खेळ आहे. तुमच्या देशात पाहुणे छापलेलं शब्दशः घेतील, कारण तुम्ही छापलेलं न मानल्याबद्दल आत गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. आणि आहेर आला नाही तर राज्य कसं चालणार? लाकूड तोडायचं तर परवाना लागतो, मोटार आयात करायची तर परवाना लागतो, नव्या राजधानीत मंत्रालयं नि बंगले बांधायचे तर कंत्राट लागतं. ज्याला परवाना हवा तो पाहुणा. जो पाहुणा तो आहेर घालणार. मामांच्या वहीत लोकांचं देणं लिहिलेलं असतं, तुमच्या वहीत तुमचं देणं. अमक्याने बंगला दिला, त्याला सागवान. तमक्याने गाडी दिली, त्याला पेट्रोल पंप. निविदा, समिती, लेखापरीक्षण ही कटकट ज्या देशांना परवडते त्यांनी करावी. तुमचं सगळं एका संध्याकाळी, बँडच्या तालावर उरकतं.

वधूच्या दागिन्यांविषयी मी काय सांगणार? आमच्या घरात हिरा म्हटला की चमकी. पण त्या लग्नाची जी चित्रफीत बाहेर आली ती मीही पाहिली आहे, एका सायबर कॅफेत, दर अर्ध्या मिनिटाला थांबून गोल गोल फिरणाऱ्या त्या चकतीसकट. चक्र फिरत असताना पडद्यावर वधूचे केस तसेच गोठून राहायचे, आणि केसांत नुसत्या हिऱ्यांच्या सरीच सरी. गळ्यातही तेच. आपल्याकडे मुंडावळ्या मोत्यांच्या असल्या की बायका वळून बघतात. मग चित्र पुढे सरकलं. प्याल्यांवर प्याले रचलेला मनोरा, आणि त्यावर दोघं मिळून शॅम्पेन ओततायत. वरचा प्याला भरला की खालच्यात, तो भरला की त्याच्या खालच्यात. संपत्ती वरून खाली झिरपते असं अर्थतज्ज्ञ सांगतात ते हेच असावं. फक्त मनोरा दालनातच संपत होता. नंतर मजल्यामजल्यांचा केक. पंचशीलातलं पाचवं शील मद्याविषयी आहे आणि हे सरकार उठताबसता धर्माचा दाखला देणारं. पण लग्नकार्यात थोडं इकडेतिकडे चालतं. आपल्याकडे नाही का, वरातीमागच्या जीपमध्ये काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं.

चित्रफीत बाहेर आली, असं वर लिहून गेलो. तुमचा खरा घात इथे आहे, तेव्हा कान देऊन ऐका.

ब्रह्मदेशात तेव्हा छापायचा प्रत्येक कागद आधी सरकारी तपासनिसाच्या टेबलावरून जात असे. कवितासुद्धा. परवान्याशिवाय मोडेम बाळगला तर १९९६ च्या कायद्याने ७ ते १५ वर्षं. एवढा बंदोबस्त असताना २००६ च्या नोव्हेंबरच्या सुमाराला दहाएक मिनिटांची ही फीत इंटरनेटवर आली आणि जगभर फिरली. शत्रूच्या हेराचं हे काम नव्हे. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात, असं चित्रण लग्नाचा शूटिंगवालाच करतो. हुकूमशहा झाला तरी वधूपिताच तो. त्याच्या बायकोला, विहिणीला, मावशीला सीडी हवी असते. पहारा सगळ्यांवर ठेवता येतो, हौसेवर कसा ठेवणार?

मग दाखवावं की लपवावं? दाखवणारी दोन घराणी होऊन गेली आहेत. हैतीचा हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुव्हालिए याने १९८० च्या मे महिन्यात लग्न केलं ते टीव्हीवरून देशभर दाखवलं. खर्चाचा तेव्हाचा अंदाज ३० लाख डॉलर, त्यात १ लाखाचं नुसतं दारूकाम. ज्यांच्या घरात टीव्हीच नव्हता त्यांना दारूकाम फुकट बघायला मिळालं. फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस यांनी लेकीचं, आयरीनचं, लग्न जून १९८३ मध्ये आपल्या जन्मगावी, सारातला, लावलं. त्यासाठी चर्च दुरुस्त केलं आणि गावातल्या घरांना स्पॅनिश काळातलं रूप चढवलं. आपल्याकडे मंत्री येणार म्हणून एका बाजूचा रस्ता डांबरतात, तसं, पण गावभर. ऑगस्टच्या १७ तारखेला भूकंप होऊन त्याच चर्चला तडे गेले. २१ तारखेला विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले आणि मनिलाच्या विमानतळावर उतरताच मारले गेले. पुढे मार्कोस आणि दुव्हालिए दोघंही १९८६ च्या फेब्रुवारीत, अडीच आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेच्या विमानांत बसून देशाबाहेर गेले. तेव्हा दाखवू नका. आणि लपवायचं असेल तर शूटिंगवाला ठरवताना पत्रिकेपेक्षा त्याची कुंडली बारकाईने बघा.

ज्यांना बोलावणं नव्हतं त्यांच्याविषयी थोडं. ते रुसतात. १५ ऑगस्ट २००७ ला सरकारने न सांगता इंधनाचे भाव वाढवले. डिझेल दुप्पट, बसगाड्यांचा सीएनजी पाचपट. सकाळी थांब्यावर आलेल्या माणसाकडे भाड्याला पुरतील एवढे पैसेच नव्हते. लोक कामावर चालत गेले, आणि चालता चालता त्याचा मोर्चा झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला पखोक्कू गावात सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी सरकारला माफीसाठी १७ तारखेची मुदत दिली. माफी आली नाही, तेव्हा १८ पासून त्यांनी भिक्षापात्रं उलटी धरली. सेनापतींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हातचं दान घ्यायचं नाही.

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या सल्लागारांना ते समजायचं नाही. तिथे सकाळी दारात भिक्खू येतो, घरातली बाई त्याच्या पात्रात पळीभर भात घालते, आणि पुण्य लागतं ते तिला. घेणारा उपकार करतो. तर ज्या घराने मोटारी घेतल्या, बंगले घेतले, हिरे घेतले, त्या घराकडून आता पळीभर भात घ्यायला कोणी तयार नव्हतं. आहेर घेताना कोणाला नाही म्हणायचं नसतं हे त्यांना येत होतं. आपला आहेर कोणी परत केला तर काय करायचं, हे कोणत्याच याद्यांच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी त्यांना येणारं एकच काम केलं. २६ सप्टेंबरपासून गोळ्या, मठांवर छापे, आणि पाठोपाठ देशाचं इंटरनेटच बंद. पुढच्या जानेवारीत डिश अँटेनाचा वार्षिक परवाना ६ हजार क्याटवरून १० लाखांवर नेला. लग्न बघायची हौस असेल तर मोजा पैसे.

राहिली पंगत. २ मे २००८ च्या रात्री नर्गिस वादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात घुसलं. मेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. मदतीची जहाजं समुद्रात आणि मदतनीस बँकॉकमध्ये व्हिसाची वाट बघत बसले. १० तारखेला मात्र देशात घटनेवरचं सार्वमत ठरल्याप्रमाणे झालं, बुडालेल्या भागापुरतं तेवढं दोन आठवडे पुढे ढकललं, आणि ९२.४८ टक्के जनतेने पसंती दिल्याचं जाहीर झालं. ते .४८ मला फार आवडतं. त्यात प्रामाणिकपणा दिसतो. थान श्वे स्वतः वादळग्रस्तांना भेटले ते १८ मेला. आणि महिनाअखेरीला सरकारी वर्तमानपत्राने लिहिलं की तिथल्या लोकांना परदेशी चॉकलेटची गरज नाही, रानभाजी आहे, नदीत मासे आहेत, आणि पावसाळा लागला की खाण्याजोगे मोठे बेडूकही भरपूर मिळतात. केटररला द्यायची यादी दोन कागदांवर करा, एवढाच याचा अर्थ. एक कागद दालनासाठी, दुसरा दालनाबाहेरच्यांसाठी. दुसऱ्याचं ताट स्वस्त पडतं.

एवढं सगळं होऊन शेवट काय झाला म्हणाल, तर काही नाही. २०१० च्या जुलैत थान श्वे आपल्याकडे पाहुणे म्हणून आले, बोधगयेला जाऊन दर्शन घेतलं, दिल्लीने पायघड्या घातल्या. २०११ मध्ये कारभार थेन सेन या आपल्याच हाताखालच्या माणसाकडे सोपवून ते घरी बसले. कोणी खटला भरला नाही, कोणी वही मागितली नाही. म्हणून तर कित्ता त्यांचा गिरवायचा.

तरीही वधूपित्याने एकदा रत्नागिरीला येऊन जावं. थेन सेन २०१२ च्या डिसेंबरात येऊन गेले, थिबा राजाच्या समाधीपुढे वाकले. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी त्याला १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, टेकडीवर राजवाडा बांधून दिला तो १९१० मध्ये, आणि सहा वर्षांनी तो इथेच वारला. चार मुली. मांडलेत असत्या तर प्रत्येकीच्या लग्नाला हत्ती झुलले असते. इथे राजघराण्यातला मुलगा आणायचा कुठून? थोरलीचं मन घराच्या फाटकावरच्या माणसावर बसलं. त्याचं आधीच लग्न झालेलं. तिला मुलगी झाली तिचं नाव तुतू. ती रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसाशी तिने संसार केला, गरिबीत दिवस काढले आणि २००० साली गेली. राजवाडा अजून आहे, वरून खाडी छान दिसते, मुख्य दालन प्रशस्त आहे. दोनेकशे पानं सहज उठतील. लग्नाला देतात की नाही, ते मात्र विचारून घ्या.