फिकी दीर्घिका म्हणजे विझत आलेली दीर्घिका नव्हे

नाशिकच्या आकाशप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय: ‘अंधूक, पसरट दीर्घिका म्हणजे तेल संपलेले दिवे. त्यांतले तारे म्हातारे झालेत, वायू संपलाय. त्या लहान असतात आणि लांब असल्यामुळे फिक्या दिसतात.’ दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा अवाढव्य समूह. मजकुरातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

लांब म्हणून फिक्या? दीर्घिका दूर असली की तिचा प्रकाश कमी पोहोचतो, पण आकाशात ती जागाही त्याच प्रमाणात कमी व्यापते. त्यामुळे अतिदूरच्या सोडल्या तर आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातलं तिचं तेज बदलत नाही. कार्तिकी पौर्णिमेला गोदेत सोडलेले दिवे दाटीनं असले की पाणी उजळतं. तेवढेच दिवे प्रवाहात पांगले की काळोखच जास्त दिसतो. या दीर्घिकांचे तारे असेच पांगलेले असतात.

लहान? १९८०च्या दशकात सापडलेली मालिन-१ ही अशीच फिकी दीर्घिका सुमारे ६.५ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट. अर्थात या प्रकारात छोट्याही पुष्कळ आहेत.

म्हाताऱ्या ताऱ्यांचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण लोकांना तोच पटतो. तारे जन्मायचे थांबले की निळे, अल्पायुषी तारे आधी संपतात आणि दीर्घिका लालसर होते. या फिक्या दीर्घिकांच्या तबकड्या, म्हणजे तारे-वायूच्या चपट्या चकत्या, बहुतेक निळसर आहेत (काही लालसरही सापडल्यात). ताऱ्यांत घडणारी जड मूलद्रव्यं त्यांत कमी, अनेकदा सूर्याच्या एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी. म्हणजे ताऱ्यांच्या फार पिढ्या होऊन गेलेल्या नाहीत.

आणि वायू? तो भरपूर आहे! हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओ लहरींत तो स्पष्ट दिसतो. नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणी याच लहरी टिपतात. पण तो इतका विरळ पसरलाय की ढग आकुंचन पावून तारे घडणं फार संथ चालतं. पाणी आहे, वाफसा नाही.

मग या दीर्घिका इतकी वर्षं नजरेआड का राहिल्या? १९७०मध्ये खगोलशास्त्रज्ञ केन फ्रीमन यांना सर्पिल दीर्घिकांच्या तबकड्यांचं मध्यवर्ती तेज जवळपास सारखंच आढळलं. १९७६मध्ये खगोलशास्त्रज्ञ माइक डिझ्नींनी दाखवलं की हा आपल्या निवडीचा परिणाम असू शकतो: रात्रीच्या आकाशाहून फिकं जे आहे, ते यादीत येतच नाही. त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ दीर्घिका या फिक्या गटातली नाही, तरी अनुभव तोच देते. गंगापूर रोडवरच्या गच्चीतून ती मला कधी दिसली नाही. अंजनेरीच्या पायथ्याशी साध्या द्विनेत्रीत सापडते.