जिल्हा परिषद शाळेच्या अनुदानाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘राष्ट्रीय सर्वेक्षणात मुलांना कमी गुण मिळाले, तर आपल्या जिल्हा परिषद शाळेचे अनुदान थांबणार आहे, त्यामुळे आताच दाखले काढून घ्या’ असा संदेश गावातल्या गटांवर फिरतो आहे. मीही तो दोन ठिकाणी पुढे पाठवला होता आणि ती माझी चूक होती.

शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने मी मुख्याध्यापकांसोबत बसून समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचे निकष वाचले. त्यांनुसार शाळेच्या वार्षिक खर्चासाठी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान गुणांवर नव्हे, पटसंख्येवर ठरते: 30 पर्यंत पट असल्यास वर्षाला 10 हजार, 31 ते 100 असल्यास 25 हजार रुपये. शिक्षकांचे वेतन या रकमेतून होत नाही. शिवाय 4 डिसेंबर 2024 रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले ‘परख’ हे राष्ट्रीय सर्वेक्षण नमुना पद्धतीचे, म्हणजे काही निवडक शाळांपुरते होते. त्यातून जिल्ह्याची स्थिती कळते, एखाद्या शाळेचा निकाल लागत नाही.

मुलांचे वाचन कच्चे आहे, ही पालकांची काळजी मात्र खोटी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे असतात, हे आपण सारेच पाहतो. तो विषय समितीच्या बैठकीत मांडावा. पण या संदेशाला घाबरून दाखले काढले आणि पट 31 वरून 30 वर आला, तर नसलेली अनुदानकपात आपणच ओढवून घेऊ. म्हणून तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा द्यावा.