कॅसेटमध्ये ग्राफिक्स कार्ड नव्हतं हो!

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. संध्याकाळपर्यंत तोच शाळेच्या ग्रुपवर आणि रात्री बायकोच्या माहेरच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: ‘नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमच्या प्रत्येक कॅसेटमध्ये छुपं ग्राफिक्स कार्ड असायचं. टीव्हीवरचं चित्र कॅसेटच काढायची, मशीन म्हणजे नुसता डबा. मारिओ, कॉन्ट्रा, डाँकी काँग सगळे याच चिपवर चालायचे. एका कॅसेटमध्ये ९९९९ गेम मावायचे तेही तिच्यामुळेच. आणि फुंकर मारली की चिप थंड व्हायची, म्हणून गेम सुरू व्हायचा.’

दहावीनंतरच्या सुट्टीत मी जांभळी नाक्याजवळ एका रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो. कॅसेटचे स्क्रू काढणं आणि तुटलेल्या वायरी सोल्डर करणं हे माझं काम. त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

‘प्रत्येक कॅसेटमध्ये.’ सुरुवात मारिओपासूनच करू. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स एकूण ४० केबीचा आहे: ३२ केबी प्रोग्रॅम, ८ केबी चित्रं. जपानी कॅसेट उघडली तर आत दोन रॉम (माहिती कायमची साठवून ठेवणाऱ्या चिपा) दिसतात, बस्स. चित्र काढणारी चिप नाही, हिशेब करणारी नाही, कसलीच नाही. फॉरवर्डसोबत जो फोटो फिरतोय तोच याहून जड असेल.

‘चित्र कॅसेटच काढायची, मशीन नुसता डबा.’ इथे जरा थांबतो, कारण या वाक्यात चूक आहे तशी एक अर्धवट खरी गोष्टही आहे. आपल्याकडे जी मशीन विकली जायची त्या बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम मशीनच्या नकला होत्या. फॅमिकॉममध्ये दोन डोकी: गेमचा हिशेब करणारा सीपीयू आणि दुसरा पीपीयू. टीव्हीवर चित्र मांडायचं काम पीपीयूचं, आणि तो मशीनच्या आत. पण कॅसेटच्या खाचेतल्या ६० पिनांमध्ये नुसत्या सीपीयूच्या वायरी नाहीत, पीपीयूच्याही आहेत. म्हणजे पीपीयू चित्रांचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे थेट कॅसेटमधून वाचतो. सीडी घातली, माहिती आत उतरवून घेतली, असा प्रकार नाही. कॅसेट लावली की ती मशीनच्या सर्किटचाच भाग होते.

अडचण अशी की पीपीयूला एका वेळी ८ केबीच दिसतात, म्हणजे असे ५१२ तुकडे. तो गल्ल्यावर बसलेल्या वाण्यासारखा आहे. हात पोचेल त्या फळीवरचाच माल त्याला ठाऊक. मोठ्या गेमच्या कॅसेटमध्ये जी जादा चिप असायची, जिला मॅपर म्हणतात, ती दुकानातला पोऱ्या. गोदामातून दुसरा माल आणून त्याच फळीवर मांडायचा, एवढंच त्याचं काम. पोऱ्या स्वतः काही विकत नाही आणि मॅपर स्वतः एक ठिपकाही काढत नाही.

पण पोऱ्या हुशार असला की दुकान चालतं. सुपर मारिओ ब्रदर्स ३ मधली एमएमसी३ चिप फळ्या तर बदलतेच, शिवाय टीव्हीवर किती ओळी उमटल्या ते मोजते आणि ठरल्या ओळीला सीपीयूला टोचते. म्हणून वरचा डोंगर सरकला तरी खालची गुणांची पट्टी जागच्या जागी राहते. कॉन्ट्राचं तर आणखी गमतीचं. तो बनवणाऱ्या कोनामीने जपानी कॅसेटमध्ये स्वतःची व्हीआरसी२ चिप घातली होती, म्हणून तिथे पहिल्या लेव्हलची झाडं डुलतात आणि लेव्हलच्या आधी नकाशा दिसतो. अमेरिकी कॅसेटमध्ये ती चिप नाही, झाडं ढिम्म. चित्र काढणारा पीपीयू मात्र दोन्हीकडे मशीनच्याच पोटात.

आता फॉरवर्डवाल्याच्या बाजूने बोलतो. चित्रं खरोखर रेखाटणारी चिप कॅसेटमध्ये होती, पण ती मुख्यतः निन्टेंडोच्याच पुढच्या मशीनच्या, सुपर निन्टेंडोच्या, आणि तीही मोजक्या गेममध्ये. (आमच्या आळीत सुपर निन्टेंडो एकाच्याही घरी नव्हता, त्यामुळे ‘आपल्या लहानपणी’ वगैरे जरा जास्तच.) लंडनच्या आर्गोनॉट कंपनीने सुपर एफएक्स बनवली आणि १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये ती पहिल्यांदा आली. मशीनचा मुख्य सीपीयू जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्‌झचा, ही चिप त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने धावायची. ठिपका उमटवण्याची वेगळी सूचनाच तिच्यात होती. विमानांचे त्रिकोण-चौकोन ती कॅसेटमधल्याच रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, रंगवायची. पण पुढे? टीव्हीकडे जाणारी वायर कॅसेटमधून निघतच नाही. रंगवलेलं चित्र मशीन स्वतःच्या मेमरीत उचलून न्यायची आणि मग तिचाच पीपीयू ते दाखवायचा. या उचलाउचलीला पडद्याच्या दोन फेऱ्यांमधला थोडकाच वेळ मिळतो, म्हणून स्टार फॉक्सचं चित्र पूर्ण पडदा भरत नाही, कडेला काळी चौकट राहते.

बाकीच्या बहुतेक चिपांचा रेखाटण्याशी संबंध नाही. सुपर मारिओ कार्टमधली (१९९२) डीएसपी-१ नुसती गणितं सोडवते. रस्ता तिरका करून फिरवणारा मोड ७ मशीनमध्येच आहे, आणि १९९० च्या एफ-झिरोने जादा चिपेशिवाय तोच वापरला. स्टार ओशनमधली (१९९६) एस-डीडी१ दाबून भरलेली चित्रं उलगडून देते. सामानाच्या पिशव्या सोडणारी बाई म्हणा.

डाँकी काँगचं नाव मात्र अगदीच चुकीच्या जागी पडलंय. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीत अशी एकही चिप नाही. ती गुबगुबीत माकडं आधीच सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या संगणकांवर तयार करून सपाट चित्रं म्हणून कॅसेटमध्ये भरली होती.

आणि चिप फुकट येत नव्हती. निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगाने १९९४ मध्ये व्हर्च्युआ रेसिंगच्या कॅसेटमध्ये एसव्हीपी नावाचा प्रोसेसर घातला तेव्हा अमेरिकेत ती १०० डॉलरला विकली. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये ती चिप आली नाही. प्रत्येक कॅसेटमध्ये ग्राफिक्स कार्ड असतं तर आपल्या आईवडिलांनी एक तरी घेऊन दिली असती का?

९९९९ गेमचं काय सांगू. यादीत खाली जाऊन बघा: तेच पंचवीस-पन्नास गेम नावं बदलून, कधी तिसऱ्या लेव्हलपासून सुरू, कधी जास्तीच्या लाइफ देऊन. उघडली की हिरव्या पट्टीवर काळ्या लुकणाचा गोळा, त्याखाली रॉम.

फुंकर. कॅसेट तापतच नव्हती, थंड काय व्हायचंय? पिनांवर थर धरायचा. काढून पुन्हा घातली की घासून तो निघायचा. श्रेय फुंकरेला मिळायचं, आणि तोंडातल्या ओलाव्याने पिना आणखी काळ्या पडायच्या. दुकानात आम्ही पेन्सिलीचं खोडरबर वापरायचो. हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘ते ठीक आहे, पण आमच्याकडे तर फुंकल्यावरच चालायची ना?’